व्याह्यांनी वाटून घेतलेला आलुबुखार

कोल्हापुरात आलुबुखार येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी आशेवर राहायला नको. इथं ऊस येतो, भुईमूग येतो, ज्याला त्याला राग येतो; आलुबुखार येत नाही. त्याला थंडी लागते. आणि आमची थंडी म्हणजे डिसेंबरात सकाळी स्वेटर घालायचा आणि नऊ वाजता काढून हातावर टाकायचा, एवढीच. तरी आमच्या परसात, पन्हाळ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला लागून, आलुबुखाराचं एक झाड कितीतरी वर्षं उभं होतं. दुसरं तिकडं गारगोटीला, माझ्या माहेरी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच गोणपाटात पंजाबातून आली होती. लावायची होती शेजारी शेजारी. लावली पन्नास किलोमीटर अंतरावर. माणसं अशी का वागतात, हे मला विचारू नका. मी त्यातल्या एकाची मुलगी आणि दुसऱ्याची सून.

नव्वदीची सुरुवात होती, माझ्या लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, एका डेअरीच्या बर्फखान्यात बत्तीस वर्षं नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले होते. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळं घरात मामा, नवरा आणि मी. गारगोटीला माझे आई-वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. थोडी शेती, दोन म्हशी आणि भयंकर हट्टी स्वभाव. मामा हट्टी नव्हते, त्याच्या पलीकडचे होते. तरी लग्नाच्या बोलणीतच या दोघांचं असं काही जमलं, की माझी आणि नवऱ्याची नीट ओळख व्हायच्या आत हे दोघे एका ताटात जेवायला लागले. एकानं "पावणं!" अशी हाक मारली की दुसरा चप्पल न घालता बाहेर यायचा.

त्या हिवाळ्यात ऊस उत्पादकांचा अभ्यास दौरा निघाला. अभ्यास कसला डोंबलाचा, सहलच ती. हे दोघे जोडीनं गेले. पंजाबात एका रोपवाटिकेत त्यांना आलुबुखाराची रोपं दाखवली. तिथल्या सरदारजींनी नीट समजावून सांगितलं. हे एक रोप सतलज पर्पल जातीचं: फळ मोठं, साल जांभळट लाल, गर पिवळा. हे दुसरं काळा अमृतसरी: फळ लहान, जरा चपटं, पिकलं की काळपट, जॅमला उत्तम. दोन्ही थोड्या थंडीवर भागवून घेतात, म्हणून मैदानात तग धरतात. पण सतलज पर्पलच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. त्याला परका पराग लागतो, म्हणून काळा अमृतसरी शेजारी पाहिजेच. आणि त्या अमृतसरीलाही शेजार असला तरच बरं धरतं. "जोड़ी है, अलग मत करना," असं त्यांनी दोनदा बजावलं. दोघांनी माना डोलावल्या. जोडी मामांच्या परसात लावायची आणि फळं निम्मी निम्मी, असं तिथंच ठरलं.

परतीच्या गाडीत घोटाळा झाला. रोपं उघड्या मुळांची होती, मुळांना ओलं शेवाळ आणि वरून गोणपाट. ते वाळू द्यायचं नव्हतं. भोपाळच्या पुढं कुठंतरी गाडी रानात चार तास थांबली, डब्यातल्या नळाला पाणी नाही. आबा झोपलेले, उशाशी त्यांचा फिरकीचा तांब्या काठोकाठ भरलेला. मामांनी तो गोणपाटावर रिकामा केला. आबा उठले ते घसा कोरडा पडून.

"पाणी कुठं हाय?"

"रोपास्नी घातलं."

"समदं?"

"मग काय निम्मी मुळं वाळू द्यायची?"

"आन मी?"

यावर मामांनी जे उत्तर दिलं ते त्यांना शेवटपर्यंत बरोबरच वाटत होतं. ते म्हणाले, "तुमी काय वाळताय व्हय? स्टेशन आलं की तुमास्नी पाणी मिळंल. रोप गेलं तर कुठनं मिळंल?"

भोपाळ ते मिरज एक अक्षर नाही. मिरजेच्या फलाटावर आबांनी गोणपाटाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "वाटणी करा." दोन सख्खे भाऊ वडिलोपार्जित जमिनीला लावतात त्या सुरात. सुतळी सोडली. आबांच्या हाताला लागलं ते त्यांचं, उरलं ते मामांचं. सतलज पर्पल कोल्हापूरला आलं आणि काळा अमृतसरी गारगोटीला गेला. जोडी तोडली की फळ नाही, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं! नवऱ्यानं मामांना तसं भीत भीत म्हणूनही बघितलं. मामा म्हणाले, "त्यो पंजाबातला माणूस. त्याला पंचगंगेचं पाणी काय म्हाईत? हितं एकटं झाड बी फळतंय." मी माहेरी गेले तर आबा अंगणात खड्डा काढत होते. म्हणाले, "त्याला वेदगंगेचं पाणी काय म्हाईत?" मी कपाळाला हात लावला. नदी तेवढी बदलली होती.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी. बारशाला मामा आले नाहीत, पाळणा पाठवला. दोन महिन्यांनी आबा मला आणि बाळाला पोचवायला आले. लेकीला नातवंडासकट सासरी पोचवायला आलेल्या बापाला पाटावर बसवून जेवायला घालतात. आमच्याकडं ते मोठं मानाचं जेवण. आबांनी रिक्षा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबवली. बाळाच्या कपाळाला ओठ लावले, मला म्हणाले, "जा." आणि त्याच रिक्षानं परत स्टँडवर गेले. मामा दारात उभे राहून ते सगळं बघत होते. आत येऊन म्हणाले, "बोलवायला पायजे हुतं का?" मी म्हटलं, "व्हय." तर म्हणाले, "मग त्यांनी यायला पायजे हुतं की." मला त्या दिवशी दोघांचाही इतका राग आला की मी ते झाड उपटून काढणार होते. बाळ रडायला लागलं म्हणून झाड वाचलं.

मग झाडाची सेवा सुरू झाली. थंडी हा मामांचा आयुष्यभराचा धंदा, त्यामुळं त्यांना वाटलं हे काम आपलंच. डेअरीतले जुने सोबती सायकलवरून बर्फाचे तुकडे आणून द्यायचे, मामा ते बुंध्याभोवती रचायचे. पुढं कुणीतरी सांगितलं की थंडी मुळाला नव्हे, फांदीवरच्या डोळ्यांना लागते. मग त्यांनी जुन्या धोतराची फडकी फाडली, त्यात बर्फ बांधला आणि फांदीफांदीला लटकावला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, झाडाला ताप आलाय. एका डिसेंबरात त्यांच्या डोक्यात थंडाई आली.

"तालमीत पैलवानाला थंडाई कशाला देत्यात?"

"ताकदीला," मी म्हटलं.

"न्हाय. आंग थंड ऱ्हाया. नाव काय उगंच हाय का?"

मी बदाम, खसखस, बडीशेप पाट्यावर वाटली, दुधात कालवली आणि एक कळशीभर थंडाई आलुबुखाराच्या बुडात ओतली. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी बाई मी! दुसऱ्या दिवशी अख्ख्या पेठेतले मुंगळे आमच्या परसात. आठ दिवस आम्ही परसदार उघडलं नाही.

एक उपाय मात्र खरा होता. आमच्याकडं हे झाड झोपत नाही, हीच त्याची गोम. थंडी नाही म्हणून पानं गळत नाहीत, पानं गळत नाहीत म्हणून झाडाला विसावा नाही आणि फुलोरा नाही. डाळिंबाला ताण देतात तसा याला द्यायचा. डिसेंबरात महिनाभर पाणी तोडायचं आणि सगळी पानं हातानं ओरबाडून काढायची. मग दरवर्षी मी, नवरा आणि मामा शिडीवर चढून एकेक पान खुडायचो. आणि खरं सांगते, चौथ्या वर्षी माघात त्या नुसत्या काटक्यांना पांढरी, बारीक फुलं आली. एक पान नाही, सगळीकडं फुलं. मामा खुर्ची टाकून दिवसभर समोर बसले. आठवड्यात फुलं गळाली. मागं काहीच नाही. मामा खुर्ची तिथंच ठेवून आत आले आणि जेवले नाहीत.

त्या मे महिन्यात मी माहेरी गेले, तर आबांनी परतताना माझ्या हातात करंडी दिली. आत काळपट आलुबुखार, वर चार हिरवी पानं. "तुझ्या सासऱ्याला दे. म्हणावं, आमच्या झाडाला धरल्यात." मी आईकडं बघितलं. आई चुलीकडं बघायला लागली. पानं आबांच्या झाडाची होती. फळांच्या बुडाशी मात्र बाजारच्या खोक्यातल्या कागदाच्या कपच्या होत्या.

मामांनी एक फळ खाल्लं, बी हातात धरून पुष्कळ वेळ बघत बसले.  दुसऱ्या दिवशी सकाळीच मार्केट यार्डात गेले आणि मोठी, जांभळी, हिमाचलातनं आलेली फळं घेऊन आले. एकेक धोतराच्या सोग्यानं पुसलं, वर आपल्या झाडाची पानं खोचली. "गारगोटीला पोचती कर. म्हणावं, आमची जरा मोठी हायत."

ही ईर्षा. बाहेरच्याला ती कळायची नाही. पुढं सात-आठ वर्षं दर मे महिन्यात हिमाचलचा आलुबुखार कोल्हापुरात यायचा, तिथनं एसटीनं माझ्या मांडीवर गारगोटीला जायचा, आणि गारगोटीचा म्हणून आणलेला त्याच एसटीनं कोल्हापूरला परत यायचा. आबा गारगोटीहून मुद्दाम कोल्हापूरच्या यार्डात येऊन फळं घेऊन जातात, हे मला फळवाल्यानंच सांगितलं. दोघांचा दुकानदार एकच! तो मला म्हणाला, "ताई, एकदाच दोन करंड्या घिऊन जावा की. तुमचा हेलपाटा वाचंल." मामा आमच्या गल्लीतही घरोघर फळं वाटायचे. "घरच्या झाडाची हायत," म्हणायचे. आणि मी, रोज वर्गात खोटं बोलू नका म्हणून सांगणारी, मान हलवायची.

हसायला येत होतं तोवर हसले. मग आई गेली. तेव्हा मामा गारगोटीला आले, लोकांत मागं उभे राहिले आणि आबांशी न बोलता परतले. दोन वर्षांत आबांना काचबिंदूनं गाठलं. डाव्या डोळ्यानं दिसेना, उजव्यानं कडेचं दिसेना. चहा ओतताना कपाबाहेर ओतायचे. एकदा मी गेले तर हाताला भाजल्याचा फोड. मी तिथंच अंगणात रडले. मला एवढंच पाहिजे होतं: माझ्या बापाला माझ्या घरी आणायचं. दुसरं काही नको. आबा म्हणाले, "तुझ्या सासऱ्यानं सोता बोलवलं तर यीन." मामा म्हणाले, "घर त्यांचंच हाय की. मी कुठं अडवलंय?" म्हटलं, मग बोलवा. तर म्हणाले, "माझ्याबिगर त्यांचं झाड बी फळतंय. त्यांना माझी काय गरज?" नवरा म्हणाला, "मला मधी घालू नका." तो बिचारा आयुष्यभर हेच वाक्य बोलत आला.

त्याच वर्षी आमच्या शाळेत झाडं लावायच्या कार्यक्रमाला एक कृषी अधिकारी आले होते. चहा देताना मी त्यांना आमच्या जोडीची गोष्ट विचारली, नावं न सांगता. त्यांना त्यात हसण्यासारखं काहीच वाटलं नाही. म्हणाले, "सोपं आहे. दुसऱ्या झाडाची फुललेली फांदी कापायची, बादलीत पाणी घालून त्यात ठेवायची आणि बादली या झाडात टांगायची. फुलं ताजी आहेत तोवर मधमाश्या इकडचं तिकडं करतात." इतकं सोपं! आणि मी थंडाई वाटत बसले होते.

माघात मामा दरवर्षी नृसिंहवाडीला, म्हणजे दत्त महाराजांच्या वाडीला जायचे, गुरुप्रतिपदेच्या वेळी, गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण करायला. ते गेले त्याच दिवशी मी रजा टाकली आणि गारगोटी गाठली. आमच्या झाडासारखीच आबांच्या झाडालाही फुलं होती. करवतीचा आवाज ऐकून आबा ओट्यावरनं ओरडले, "काय कापालीस गं?"

"शाळेत दाखवायला फांदी न्यालोय."

आबांनी मान करवतीच्या आवाजाकडं वळवली. मग म्हणाले, "एक नगं, चार ने. कळ्या असलेल्या बघून घे. आन वाटंत मुदाळ तिट्ट्याला गाडी थांबंल, तवा पाणी बदल."

एसटीत बादली आणि त्यात माझ्यापेक्षा उंच फुललेल्या फांद्या. कंडक्टर आधी तापला. "बाई, ह्ये काय लगीन हाय का?" शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं हात जोडले आणि विचारलं, "कुठल्या देवाचं?" माझ्या तोंडातनं गेलं, "वाडीच्या." झालं! बाईनं कनवटीची पुडी सोडून बादलीला हळदकुंकू लावलं. मागनं आणखी दोघी आल्या. कंडक्टरनं पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून बादली तिथं ठेवली. मुदाळ तिट्ट्याला ड्रायव्हरनं स्वतः खाली उतरून पाणी बदललं. कोल्हापूर येईपर्यंत बादली बसून आली आणि मी उभी.

"मला मधी घालू नका," म्हणत नवऱ्यानंच शिडीवर चढून बादली कासऱ्यानं मधल्या फांदीला टांगली. सहा दिवस ती तिथं होती. मधमाश्या आल्या की मी खिडकीत उभी राहून बघायची, परीक्षेत मुलांवर नजर ठेवते तशी. सातव्या दिवशी बादली उतरवली, फांद्या बंबात घातल्या. संध्याकाळी मामा प्रसाद घेऊन आले.

पंधरा दिवसांनी परसातनं हाक आली, "पोरी! बाहीर ये!" मामा झाडाखाली उभे, बोट वर. फुलं गळलेल्या जागी हिरवे मणी. अकरा. त्यांनी माझ्यासमोर तीन वेळा मोजले. मग चप्पल काढून वाडीच्या दिशेनं हात जोडले. "महाराजांनी ऐकलं गं!" माझ्या ओठावर आलेलं मी गिळलं. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, कुठं बोलणार?

आणि इथनं मामांचे हाल सुरू झाले. ही खरी फळं, सांगायची कुणाला? पहिल्या दिवशी ते शेजारच्या घरी गेले. "आमच्या झाडाला आलुबुखार धरल्यात." शेजारी म्हणाले, "दरवर्षीच धरत्यात की. मागच्या साली लई गोड हुती." मामा परत आले. मग डेअरीतल्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "औंदा जरा जास्ती पाठवा." इतकी वर्षं बाजारची फळं घरची म्हणून वाटलेली, आता घरच्याला कोण विचारतंय! मामा उन्हात झाडाखाली बसून राहायचे. पोपटांसाठी जुनी मच्छरदाणी बांधली. अकराची सात झाली, सातांची चार. चार फळं फुगली, जांभळी व्हायला लागली, आणि या माणसाला जगात एकालाही चकित करता येत नव्हतं. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "एकच माणूस हाय, त्येला कळंल ह्येची किंमत. आन त्येला मी आठ वर्षं फशिवलंय."

मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सांगून टाकलं. "मामा, त्याच माणसाची हायत ही. गारगोटीची फांदी मी आणून टांगली. तुमी पारायणाला गेलता तवा."

ते जे संतापले! "माझ्या झाडात त्येच्या फांद्या? मला न इचारता? घर हाय का धर्मशाळा?" दोन दिवस जेवले नाहीत. मी पण जेवले नाही. माझाही काही तळतळाट आहे की नाही? तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मच्छरदाणी सुटलेली आणि मामा स्वच्छ धोतर नेसून, स्टीलचा डबा काखेत मारून दारात उभे.

"एसटीचा टाइम काय हाय?"

आम्ही गारगोटीला पोचलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. मामा अंगणातच थांबले. आबांनी मान वाकडी करून, उजव्या डोळ्याच्या मधोमध धरून बघितलं. "कोण?" मी सांगणार तोच मामा म्हणाले, "मी हाय."  मामांनी डबा उघडून त्यांच्या हातात एक फळ दिलं. आबांनी ते चाचपलं, नाकाशी नेलं, चावलं. तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबट हाय."

"व्हय."

"ल्हान बी हाय."

"व्हय."

"म्हंजे ह्ये खरं हाय," आबा म्हणाले.

"इतकी वर्षं तुमी कुठली खाल्लीसा, म्हाईत हाय न्हवं?" मामांनी विचारलं.

"न्हाय काय? मी बी तिथनंच आणत हुतो. फळवाला म्हणायचा, तुमचं व्याही कालच घिऊन गेल्यात, तुमाला त्याच्यापेक्षा मोठी दिऊ का?"

दोघे हसले नाहीत. मीच हसले, तोंडाला पदर लावून, आणि हसता हसता कधी रडायला लागले कळलं नाही. मामा ओट्यावर चढले. म्हणाले, "पावणं, ते पाणी. रोपास्नी घातलं ते. निम्मं ठेवाय पायजे हुतं." आणि मग ते वाक्य, ज्याची मी इतकी वर्षं वाट बघितली: "चला आमच्या घरी. न्ह्यायला आलोय."

 आबा म्हणाले, "न्हाय येणार."

"का?"

"मी आलो तर हितलं झाड कोण बघणार? आन ह्ये वाळलं तर तुमच्या झाडाला फांदी कुठनं आणणार?"

मला वाटलं दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत. मामा उठून परसात गेले आणि तिथनंच ओरडले, "आरारारा! ही काय छाटणी हाय? बुंध्याला डिंक सुटलाय, खोडकिडा लागलाय, आन ह्ये म्हणं झाड बघत्यात!" आबा चिडले, "मला दिसतंय व्हय?" मामा बाहेर आले, मला म्हणाले, "तू जा. मी दोन दिस थांबून एवढं नीट करतो."

ते दोन दिवस साडेतीन वर्षं चालले. मी बापाला आणायला निघाले होते, सासराही घालवून बसले. मामा माघात तेवढे दिवसापुरते यायचे, बादली घेऊन. आल्या आल्या झाडात टांगायचे, पाणी बदलायचे आणि "तिकडं थेंबाची वेळ चुकती" म्हणून दिवस मावळायच्या आत परत. आबांच्या डोळ्यांत दिवसातनं दोनदा औषधाचे थेंब घालायचे असायचे, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. डेअरीतला माणूस, घड्याळ चुकेल, मामा चुकणार नाहीत. मी सुट्टीला गेले की बघायची. "वर बघा पावणं. वर. आढ्याकडं. मिटू नगासा." आणि आबा कुरकुरायचे, "पोरी, घिऊन जा ह्येला. लई बोलतोय." चहा कपाबाहेर सांडायचा बंद झाला होता. रात्रीचं दोघांचं भांडण शेजारच्या तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं, असं शेजारीण सांगायची. माझ्या जिवाचा घोर कमी झाला होता, पण कधी कधी मला त्या दोघांचा हेवाही वाटायचा. मला कुणी राहा म्हणत नव्हतं.

चौथ्या वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी, एका सकाळी मी शाळेला निघत होते. फोन वाजला. मामा होते. सव्वाआठ झाले होते.

"पोरी, तुझा बा गेला," ते म्हणाले. "झोपंतच गेलाय, मला वाटतंय. आठाला मी थेंब घालाय गेलो. म्हटलं, वर बघा पावणं. बघितलं न्हाय. मला कळलं. पर वेळ झालीती, म्हणून घातलं. दोन्ही डोळ्यांत घातलं. एक दिस बी चुकवला न्हाय बघ मी."

मग ते फोनवर हुंदके द्यायला लागले, आणि मी उभ्या उभ्या, खांद्याला शाळेची पिशवी तशीच, त्यांना उगी करत राहिले.